जेवणाचा खर्च कोणी करायचा? फुटबॉलच्या चाहत्यांचा एक जुना वाद आणि आमचा वादविवादाचा तास



आठवीच्या वर्गाला वादविवादासाठी विषय द्यायची वेळ आली की माझी दरवर्षी पंचाईत होते. ‘मोबाइल शाप की वरदान’, ‘परीक्षा हव्यात की नकोत’, ‘खेडे बरे की शहर’ हे विषय मुलांना इतके पाठ झालेत की दोन्ही बाजूंची भाषणं ती गाइडमधून उतरवून आणतात. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ म्हणतात, हात वर-खाली करतात आणि बसतात. टाळ्या होतात, नंबर निघतात. पण वाद काही होत नाही. कारण कोणाचंच त्यात काही अडलेलं नसतं.

गेल्या डिसेंबरात मी एक वेगळा विषय घेतला. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना मँचेस्टर आणि लिव्हरपूलचे खेळाडू तोंडपाठ आहेत. पाठ्यपुस्तकातल्या कवींची नावं आठवत नाहीत, पण कोण कोणत्या नंबरची जर्सी घालतो हे झोपेतही सांगतील. म्हटलं, चला, यांच्याच मैदानात जाऊ. फळ्यावर लिहिलं:

‘एका फुटबॉल क्लबच्या चाहत्यांना ख्रिसमसच्या दिवशी आपल्या भागातल्या गरजू आणि एकट्या राहणाऱ्या लोकांना जेवण द्यायचं आहे. त्याचा खर्च कोणी करावा?’

पहिल्या दोन मिनिटांत वर्ग एकमताने म्हणाला, “सर, यात वाद कसला? चांगलं काम आहे, सगळ्यांनी मिळून करायचं!” मला हेच हवं होतं. चांगलं काम म्हटलं की आपण हिशेबाचं बोलणं टाळतो, किंबहुना ते बोलणारा माणूस आपल्याला जरा हलकाच वाटतो. ‘अहो, पुण्याच्या कामात पैशाचं काय घेऊन बसलात?’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. मला मुलांना दाखवायचं होतं की जेवणाचा खर्च कोण करतो यावर पुष्कळ काही ठरतं. ते जेवण किती वर्षं चालेल, आणि पानावर बसणारा माणूस मान वर करून बसेल की खाली घालून, हेसुद्धा.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती मुलांनाही द्यावी लागली. ब्रिटनमध्ये ख्रिसमसचं जेवण म्हणजे आपल्याकडच्या दिवाळीच्या पहिल्या दिवसासारखं. घरचे सगळे एका टेबलाभोवती बसतात, भाजलेली टर्की, बटाटे, छोट्या कोबीचे गड्डे, शेवटी सुक्या मेव्याचं पुडिंग. त्या दिवशी बहुतेक दुकानं बंद, इंग्लंडमध्ये रेल्वेसुद्धा जवळजवळ बंद. म्हणजे ज्याला घरचं कोणी नाही त्याला तो दिवस फार लांब जातो. दिवाळीत शेजारच्या घरातून चकलीचा वास येतो आणि आपल्या घरात दिवा लावायलाही कोणी नसतं, तसं. म्हणून तिथली चर्चेस, संस्था आणि कितीतरी फुटबॉल क्लब या सुमारास जेवणं देतात, अन्नाची पाकिटं वाटतात. फुटबॉल क्लब हे करतात याचं आपल्याला नवल वाटतं. पण तिथले बरेच जुने क्लब चर्चमधून, कारखान्यांतून, वस्त्यांमधून जन्मले. वस्तीत उपाशी माणूस असला तर क्लबाला ते कळतंच.

आणि एक क्लब तर चक्क मुलांच्या जेवणाच्या खर्चासाठीच काढला गेला. ही गोष्ट मी वर्गात पूर्ण एक तास सांगितली, आणि इथेही जरा सविस्तर सांगतो.

स्कॉटलंडमधलं ग्लासगो शहर, एकोणिसाव्या शतकाचा शेवट. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सडलं आणि मोठा दुष्काळ पडला. हजारो आयरिश माणसं समुद्र ओलांडून ग्लासगोला आली. शहराच्या पूर्व भागात दाटीवाटीने राहिली, मिळेल ते काम करू लागली. त्याच भागातल्या एका कॅथलिक शाळेचे मुख्याध्यापक होते ब्रदर वॉलफ्रिड. मूळ नाव अँड्र्यू केरिन्स, जन्म १८४० चा, आयर्लंडच्या स्लायगो परगण्यातला. म्हणजे दुष्काळ त्यांनी लहानपणी पाहिलेला. (मुख्याध्यापकाने फुटबॉल क्लब काढला हे ऐकून आमच्या वर्गातल्या एकाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती विसरणार नाही!)

शाळेत मुलं उपाशी येतात, उपाशी मूल शिकत नाही, आणि कामाला लागता येईल तेव्हा शाळाच सोडतं. हे कळायला आपल्यापैकी कोणालाच पुस्तक वाचावं लागत नाही. वॉलफ्रिड आणि त्यांचे सहकारी ब्रदर डोरोथियस यांनी मुलांसाठी ‘एका पेनीचं जेवण’ सुरू केलं. त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. मुलाने एक पेनी आणली की पोटभर जेवण. ज्या आईबापांना पाव घरून द्यायचा असेल त्यांच्या मुलाला अर्ध्या पेनीत वाडगाभर गरम सूप. आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्यालाही जेवण, फुकट. एका पेनीत जेवणाचा खर्च कितीसा निघणार? मग ती पेनी ठेवली कशाला, हा प्रश्न मी वर्गाला विचारला आणि उत्तर न देता पुढे गेलो.

एक गोष्ट लपवली नाही, तुम्हीही लपवू नका. यामागे निव्वळ भूतदया नव्हती. गावात प्रोटेस्टंट लोकांनी चालवलेली अन्नछत्रंही होती आणि आपली मुलं तिथे जेवता जेवता आपला पंथ सोडतील ही भीती वॉलफ्रिड यांना होती. कामामागे दोन हेतू असले म्हणून काम खोटं ठरत नाही. पण जेवू घालणाऱ्याला त्या जेवणातून आणखी काय हवं असतं हे विचारायची सवय मुलांना लागली पाहिजे.

पैसे कमी पडायला लागले. तेव्हा १८८७ साली एडिंबराच्या हायबर्नियन या आयरिश वस्तीतल्या क्लबने स्कॉटिश कप जिंकला. तो क्लबही चर्चमधूनच उभा राहिलेला आणि दानधर्मासाठी सामने खेळणारा. वॉलफ्रिड यांच्या डोक्यात दिवा लागला. नोव्हेंबर १८८७ मध्ये सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात बैठक झाली आणि ‘सेल्टिक’ क्लब स्थापन झाला. पुढच्या जानेवारीत वर्गणीसाठी काढलेल्या पत्रकात उद्देश स्पष्ट लिहिला होता: पूर्व भागातल्या तीन धर्मग्रामांमधल्या गरजू मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा करणे. मैदान लोकांनी स्वतः खपून तयार केलं आणि २८ मे १८८८ रोजी पहिला सामना रेंजर्सविरुद्ध झाला. सेल्टिक ५-२ असं जिंकलं. प्रेक्षक साधारण दोन हजार.

इथे थोडं गणित घुसवलं. त्या काळी एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगचे १२ पेन्स; म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. सामन्याचं तिकीट सर्वसाधारणपणे सहा पेन्स. दोन हजार लोकांनी प्रत्येकी सहा पेन्स दिले असं धरलं, तर १२,००० पेन्स, म्हणजे बरोबर ५० पौंड. आणि त्या पहिल्या मैदानाचं वर्षाचं भाडं किती होतं? तेही ५० पौंड! मुलांनी वहीत मांडलं: एका सामन्यात वर्षाचं भाडं निघालं, बाकी सगळे सामने जेवणाचे. एक तिकीट म्हणजे पेनीच्या हिशेबाने सहा जेवणं. वर्ग एकदम खूश.

मग मी पुढचा आकडा लिहिला. क्लब लोकप्रिय झाला, गर्दी वाढली, तसं जागामालकाने भाडं ५० पौंडांवरून ४५० पौंड मागितलं. म्हणजे १,०८,००० पेन्स, म्हणजे सहा पेन्सची १८,००० तिकिटं. दोन हजारांची गर्दी धरली तर नऊ सामने नुसते भाड्यात गेले असते. क्लबने १८९२ मध्ये जवळच दुसरी जागा घेऊन मैदान पुन्हा उभारलं. त्यालाही पैसे लागलेच. चांगल्या कामाभोवती गर्दी जमली की त्या गर्दीचा धंदा करणारेही येतात, हे आमच्या वर्गाला गणेशोत्सवातल्या पार्किंगवरून लगेच पटलं.

खर्चाची दुसरी बाजू खेळाडूंची. जिंकल्याशिवाय गर्दी येत नाही, गर्दीशिवाय पैसा नाही, पैशाशिवाय जेवण नाही. चांगले खेळाडू कुठून आणायचे? सेल्टिकने ते हायबर्नियनकडूनच ओढले, तेही स्कॉटलंडमध्ये खेळाडूंना पैसे देणं नियमात बसत नव्हतं तेव्हा. (ती परवानगी मिळाली १८९३ मध्ये.) बरेचसे चांगले खेळाडू गेल्यावर हायबर्नियन खिळखिळा झाला आणि १८९१ मध्ये काही काळ बंदच पडला. तोही दानधर्म करणारा क्लब होता बरं का! एका पंगतीसाठी दुसऱ्या पंगतीतलं पातेलं उचलून आणल्यासारखंच झालं हे. वर्गात इथे शांतता पसरली. एकजण म्हणाला, “पण सर, त्यांना पण मुलांसाठीच पाहिजे होते ना खेळाडू?” वादविवादाचा तास इथे खरा सुरू झाला.

आता मुख्य वाद. १८९२ मध्ये वॉलफ्रिड यांची बदली लंडनला झाली. क्लबच्या सभासदांमध्ये दोन तट पडत गेले. एक तट म्हणत होता, क्लब मुलांच्या जेवणासाठी काढलाय. शिल्लक राहील ती तिकडेच गेली पाहिजे. दुसरा तट म्हणत होता, क्लब एवढा वाढलाय की मैदान, स्टँड, पगार, कर्ज हे सगळं समितीतल्या चार माणसांच्या नावावर ठेवणं धोक्याचं आहे; उद्या काही बुडालं तर त्यांची घरं विकायची का? कंपनी करू या, भागभांडवल उभारू या. १८९७ मध्ये दुसरा तट जिंकला. क्लब मर्यादित कंपनी झाला, सभासद भागधारक झाले. मुलांच्या जेवणाचा खर्च हे क्लबचं पहिलं कारण होतं, ते मागे पडलं.

मी मुद्दाम दुसऱ्या तटाची बाजू नीट मांडली, कारण ती मांडताना आपण कंजुषी करतो. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कर्जाची जबाबदारी खरी होती. पुढे हाच क्लब १९६७ साली युरोपियन कप जिंकणारा ब्रिटनमधला पहिला क्लब झाला, तो काही पेटीत जमलेल्या पेन्यांवर नव्हे. पण माझं मत विचाराल तर पहिल्या तटाची चूक मोठी होती: पत्रकात उद्देश लिहिला होता, पण मिळकतीतला अमुक हिस्सा जेवणाला जाईलच असं पक्कं बांधून घेतलं नाही. वॉलफ्रिड होते तोवर त्यांचा शब्द हाच नियम होता. माणूस गेला, शब्द सैल झाला. मधल्या काळात धर्मादाय सामने झाले, देणग्याही दिल्या गेल्या. पण क्लबने स्वतःचा धर्मादाय निधी रीतसर उभा केला तो थेट १९९५ मध्ये. आज त्याच कामातून वाढलेली संस्था दरवर्षी ख्रिसमसच्या सुमारास गरजू कुटुंबांसाठी निधी गोळा करते. मधली जवळपास शंभर वर्षं कशात गेली, हे मी फळ्यावर दोन सालांमधली वजाबाकी करून दाखवलं.

या क्लबशी आपलं एक नातं आहे, तेवढं सांगून पुढे जातो. १९३६ मध्ये कोलकात्याचा महंमद सलीम सेल्टिकच्या संघातून पायाला पट्ट्या बांधून, बूट न घालता खेळला. युरोपातल्या क्लबसाठी खेळणारा पहिला भारतीय म्हणून त्याचं नाव घेतात. मुलांना हे ऐकून जो आनंद झाला त्यात पाच मिनिटं गेली, आणि ती मी जाऊ दिली.

आता जरा अलीकडे येऊ. लिव्हरपूल शहरात एव्हर्टन आणि लिव्हरपूल या दोन क्लबांचं वैर प्रसिद्ध आहे. दोघांची जुनी मैदानं एका बागेच्या अल्याड-पल्याड. २०१५ मध्ये या दोन्ही क्लबांच्या चाहत्यांनी एकत्र येऊन अन्नपेढ्यांसाठी सामन्यांच्या आधी मैदानाबाहेर अन्न गोळा करायला सुरुवात केली. सुरुवात कशाने, तर चाकाच्या कचरापेटीने! अर्थात स्वच्छ पेटी. सामन्याला येणाऱ्याने येताना डाळीचा डबा, पास्ता, साखर असं काही आणायचं आणि पेटीत टाकायचं. भुकेला क्लबचा रंग नसतो, अशा अर्थाची त्यांची घोषणा आहे. बघता बघता इतर शहरांतले चाहतेही असं करू लागले.

पण तिथेही तोच प्रश्न. मैदानाच्या आत आठवड्याला लाखभर पौंडांहून जास्त मिळवणारा खेळाडू असतो, आणि बाहेर पेटीत डबा टाकणारा स्वतः महागलेल्या तिकिटाने पिचलेला असतो. मग देणारा हाच का? एकजण म्हणेल, क्लबनेच द्यावं. दुसरा म्हणेल, क्लबने दिलं की ते क्लबच्या जाहिरातीत जातं, फोटो निघतात. आमचं आमच्या हातात राहू दे. तिसरा म्हणेल, मुळात लोक उपाशी का आहेत हे सरकारला विचारा. या कामातून पुढे आलेले इयन बर्न २०१९ मध्ये खासदार झाले आणि अन्न हा कायद्याने हक्क असावा ही मागणी त्यांनी लावून धरली. पेटी आणि कायदा, दोन्ही एकाच माणसाच्या हातात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण मुलांना सहसा दोनपैकी एकच निवडायला लावतो.

मँचेस्टर युनायटेडचा मार्कस रॅशफर्ड मुलांना माहीत होताच. पण त्यांना माहीत होते ते त्याचे गोल. लहानपणी शाळेतल्या मोफत जेवणावर आपण वाढलो हे त्याने स्वतः सांगितलं होतं. जून २०२० मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, त्याने खासदारांना उघड पत्र लिहिलं की शाळा बंद असल्या तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत गरीब मुलांच्या जेवणाची सोय थांबवू नका. इंग्लंडमधल्या सुमारे १३ लाख मुलांचा प्रश्न होता. सरकारने आधी नाही म्हटलं आणि मग निर्णय बदलला. ऑक्टोबरमध्ये पुढच्या सुट्ट्यांसाठीचा ठराव संसदेत ३२२ विरुद्ध २६१ मतांनी पडला. तेव्हा गावोगावच्या छोट्या उपाहारगृहांनी, नगरपालिकांनी आपणहून मुलांना जेवण दिलं. नोव्हेंबरात सरकारने हिवाळ्यासाठी १७ कोटी पौंडांची योजना जाहीर केली, त्यात ख्रिसमसची सुट्टीही आली. म्हणजे ख्रिसमसचं जेवण कोणाच्या पैशाने, हा वाद त्या वर्षी थेट संसदेत झाला.

एवढी तयारी झाल्यावर मी वर्गाला पाच चिठ्ठ्या दिल्या. बैठक काल्पनिक, क्लब काल्पनिक, शहर ब्रिटनमधलं कोणतंही. पहिली चिठ्ठी क्लबच्या खजिनदाराची. दुसरी दर शनिवारी तिकीट काढणाऱ्या साध्या चाहत्याची. तिसरी, जर्सीवर नाव छापायला पैसे देणाऱ्या सट्टेबाजी कंपनीच्या प्रतिनिधीची; तो म्हणतो, सगळा खर्च मी करतो, फक्त फलक माझा. चौथी नगरपालिकेच्या सदस्याची. पाचवी, ख्रिसमसला जेवायला येणाऱ्या माणसाची.

सट्टेबाजी कंपनीवर जो धुरळा उडाला तो विचारू नका. (इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या क्लबांनी जर्सीच्या पुढच्या भागावर अशा कंपन्यांची नावं न घेण्याचं २०२३ मध्ये ठरवलं आहे, हे मी नंतर सांगितलं.) एका मुलाने विचारलं, “ज्याच्या घरातले पैसे सट्ट्यात गेले, त्यालाच त्या पैशाचं जेवण?” त्यावर कंपनीची बाजू घेणारी मुलगी शांतपणे म्हणाली, “तुमच्या मंडळाच्या कमानीवर कोणाकोणाच्या जाहिराती असतात ते सांगू का?” हशा झाला, पण त्या मुलाला उत्तर सुचलं नाही. खजिनदार झालेल्याने प्रत्येक तिकिटामागे काही पेन्स सक्तीने घ्यावेत असं सुचवलं. साधा चाहता उखडला: “सक्तीची वर्गणी म्हणजे खंडणी. मी माझ्या मनाने देईन.” खजिनदार म्हणाला, “मनाने देणारे पावसात येत नाहीत. स्वयंपाकीण विचारते किती माणसांचं करू, तिला काय सांगू?” हे वाक्य त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्याच्या घरी लग्नाच्या जेवणाचं कंत्राट घेतात, एवढंच.

पाचवी चिठ्ठी मात्र कोणी घेईना. टेबलावर तशीच पडून. मी दोनदा विचारलं. “सर, त्याला काय बोलायचं असणार? तो तर जेवायला येणार.” असं एकजण म्हणाला आणि बाकीच्यांनी मान डोलावली.

मला इथे माझीच एक जुनी गोष्ट आठवली, ती मी वर्गात सांगितली नाही, तुम्हाला सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, दुसऱ्या एका शाळेत, एका दात्याने गरजू मुलांसाठी वह्या दिल्या होत्या. मी यादी घेऊन वर्गात उभा राहिलो आणि मोठ्याने नावं वाचली. हेतू वाईट नव्हता. एक मुलगा उठलाच नाही. म्हणाला, माझ्याकडे आहेत वह्या. नंतर कितीतरी दिवस तो जुन्या वहीच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर लिहीत होता. माझ्याकडे त्याच्या नावच्या सहा वह्या कपाटात पडून होत्या आणि त्या त्याला कशा द्यायच्या हे मला शेवटपर्यंत सुचलं नाही. वॉलफ्रिड यांच्या त्या एका पेनीचा अर्थ मला बहुधा त्या कपाटापाशीच कळला असावा. पेनी देणारं मूल विकत घेऊन जेवतं. आणि पेनी नसलेलंही त्याच टेबलावर, त्याच वाडग्यातून जेवत असेल, तर कोणी पेनी दिली आणि कोणी नाही हे उठून मोजणार कोण?

शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, एरवी तोंड न उघडणारी. चिठ्ठी उचलली आणि म्हणाली, “मी जेवायला येईन. पण मला आधी वाढायला घ्या. सगळ्यांना वाढून झालं की मी बसेन.” मग थोडं थांबून, “आणि फोटो काढणार असाल तर मी येणार नाही.” खाली बसली.

यानंतर खजिनदाराच्या हिशेबात एक नवी ओळ आली: पाहुण्यांपैकी ज्यांना जमेल त्यांनी कामात हातभार. साध्या चाहत्याने सक्तीची वर्गणी मान्य केली नाही, पण वर्षभराचं तिकीट काढतानाच ‘जेवणासाठी’ असा रकाना ठेवावा, ज्याला भरायचा तो भरेल, हे त्याने मान्य केलं. म्हणजे स्वयंपाकिणीला आकडा आधी कळेल. नगरपालिकेची मुलगी अडून बसली: एका दिवसाच्या जेवणाला आम्ही पैसे देणार नाही, रोजच्या शाळेच्या जेवणाला देऊ. त्यावर घंटा होईपर्यंत भांडण चाललं. तिचा मुद्दा इतिहासाला धरूनच होता. इंग्लंडमध्ये १९०६ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना शाळेतल्या मुलांना जेवण देण्याची मुभा मिळाली, स्कॉटलंडमध्ये १९०८ च्या. पेनीच्या जेवणांची जागा हळूहळू कराच्या पैशाने घेतली.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ पासून शाळेतल्या आहाराची देशव्यापी योजना आहे, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो मुलांचा हक्क झाला आहे. तरी प्रश्न संपलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या राज्यात पोषण आहारातल्या अंड्यासाठीचा शासनाचा निधी थांबला आणि अंडी द्यायची तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगितलं गेलं. म्हणजे ग्लासगोच्या त्या सभागृहातला प्रश्न आपल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या टेबलावर आला. पालकहो, तुमच्यापैकी कोणी त्या समितीवर असेल तर पुढच्या बैठकीत देणगीदाराचं नाव फळ्यावर लिहायचं का, वाढदिवसाचं तिथीभोजन दिलं तर मुलांनी टाळ्या वाजवून आभार मानायचे का, आणि देणगीदार पुढच्या वर्षी आला नाही तर काय, हे तीन प्रश्न जरूर विचारा. वातावरण थोडं गरम होईल. होऊ द्या.

शिक्षकांसाठी दोन सूचना. या विषयाला एक तास पुरत नाही, तीन तास ठेवा. पहिला गोष्टीला, दुसरा हिशेबाला, तिसरा बैठकीला. आणि गुण देताना भाषणापेक्षा कोणी समोरच्याचं ऐकून आपलं म्हणणं बदललं का हे पाहा. आमच्याकडे सर्वांत जास्त गुण त्या साध्या चाहत्याला मिळाले, जरी तो सर्वांत जास्त आरडाओरडा करणारा होता.

निकाल असा लागला नाही. मतदान घेतलं तेव्हा क्लब, चाहते आणि नगरपालिका यांच्यात मतं जवळजवळ सारखी विभागली. सट्टेबाजी कंपनीलाही चार मतं पडली, आणि त्या चौघांनी आपली कारणं वहीत व्यवस्थित लिहून दिली. पाचवी चिठ्ठी पुढच्या वर्षी मी दोनदा लिहिणार आहे, म्हणजे तिच्यासाठी कोणाला एकट्याने उठायला लागणार नाही.